पिकअपसाठी मड-टेरेन टायर: कोणता आकार, किती प्लाय, किती हवा?

कच्चीवाट

डबल कॅब डिझेल पिकअप, पार्ट-टाइम फोर बाय फोर, मागे डिफ लॉक (डिफ म्हणजे डिफरेन्शियल; लॉक लावला की मागची दोन्ही चाकं एकत्र फिरतात). कंपनीकडून आलेले टायर २६५/७० आर १७ (रुंदी २६५ मिमी, साइडवॉलची उंची रुंदीच्या ७० टक्के, रिम १७ इंच), हायवे टेरेन म्हणजे डांबरासाठीचे. रिम ७.५ इंच रुंद, ऑफसेट (रिमच्या मध्यापासून हबला टेकणाऱ्या बाजूचं अंतर) ३० मिमी. नक्षी ३ मिमीवर आली आहे, त्यामुळे टायर बदलायचेच आहेत.

वापर: ६० टक्के डांबर, २५ टक्के मुरूम आणि खडी, उरलेला चिखल. चिखल म्हणजे ट्रॅक्टरने पाडलेल्या खोल चाकोऱ्या आणि चिकट काळी माती, मध्ये एखादा ओढा. मागे बहुतेक वेळा ३०० ते ५०० किलो माल असतो.

मनात २८५/७० आर १७ मड-टेरेन (चिखलासाठीचा), लोड रेंज ई, म्हणजे १० प्लाय आहे. लिफ्ट किट लावायचं नाही. हा आकार बसेल का? १० प्लाय घ्यावा की ६? आणि डांबरावर नेमका त्रास किती होतो? "आवाज येतो" एवढं सगळेच सांगतात, त्यापुढचं कुणीतरी सांगा.

नक्षीबहाद्दर

आकाराच्या आधी एक गोष्ट तपासा: त्या चिखलाखाली काय आहे? चाकोरीत पहार खुपसा. २०-२५ सेंटिमीटरवर कडक तळ लागत असेल तर अरुंद टायर हवा. तो चिखल कापत खाली जातो आणि तळाला पकडतो. पहार जातच राहिली तर रुंद टायर आणि कमी हवा, म्हणजे गाडी वर तरंगत राहील. ट्रॅक्टरच्या चाकोऱ्यांना बहुधा खाली दाबून कडक झालेला थर असतो. तुमच्या वर्णनावरून २८५ ही उलट्या दिशेची निवड वाटते.

आता मड-टेरेन हवेत का, हा प्रश्न. ऑल-टेरेनच्या खाचा चिकट मातीने दोन-तीन फेऱ्यांत भरतात. एकदा भरल्या की टायर गुळगुळीत झाल्यासारखाच. मड-टेरेनमध्ये ठोकळ्यांमधली जागा मोठी असते, खाचा बाहेरच्या कडेकडे उघडत जातात, म्हणून चाक फिरलं की माती फेकली जाते. पण यासाठी चाकाला वेग लागतो. पहिल्या लो गिअरमध्ये अगदी हळू चालवलं तर मड-टेरेनही भरतो. थोडा वेळ थ्रॉटल देऊन चाक झाडून घ्यायचं आणि लगेच सोडायचं. दाबून धरलं तर गाडी अॅक्सलपर्यंत खड्डा खणते.

पाऊस पडून गेल्यावरचा ओला मुरूम आणि वरवरची राड एवढंच असेल तर चांगला ऑल-टेरेन पुरतो. चाकोऱ्या आणि काळी माती आठवड्यातून एकदा तरी लागत असेल तरच मड-टेरेनचे तोटे सोसण्यात अर्थ आहे.

कच्चीवाट

पहार साधारण एक वीत जाऊन अडकते. पावसाळ्याचे चार महिने रोजचा रस्ता तोच आहे.

डिफलॉक

मग मड-टेरेन घ्याच, फक्त आकार बदला. गणित मांडतो.

२६५/७० आर १७ चा व्यास: २६५ चे ७० टक्के १८५.५, त्याची दुप्पट ३७१, अधिक रिमचे ४३१.८. म्हणजे ८०३ मिमी.
२८५/७० आर १७: ८३१ मिमी. ३.५ टक्के मोठा.
२५५/७५ आर १७: ८१४ मिमी. १.४ टक्के मोठा.
२३५/८० आर १७: ८०८ मिमी. जवळपास मूळचाच.

२८५ घेऊन डिफखाली जागा वाढते ती व्यासातल्या फरकाच्या निम्मी, म्हणजे १४ मिमी. बोटाच्या जाडीएवढ्या उंचीसाठी फाइनल ड्राइव्ह (डिफमधलं गिअर-गुणोत्तर) ३.५ टक्क्यांनी लांब होतो. ४.१० चा डिफ असेल तर तो ३.९६ असल्यासारखा वागतो. मागे ५०० किलो आणि पुढे चढ असताना हे जाणवतं. स्पीडोमीटर १०० दाखवेल तेव्हा खरा वेग १०३.५. ओडोमीटर तेवढाच कमी मोजतो, त्यामुळे अॅव्हरेज काढताना दुरुस्ती न केल्यास गाडी आहे त्याहून जास्त पिते असं वाटेल.

७.५ इंच रिमवर हे चारही आकार बसतात. २८५ साठी ती सर्वात कमी चालणारी रुंदी आहे, २३५ साठी सर्वात जास्त. मधला २५५ निवांत बसतो.

लो_रेंज

२८५ लिफ्टशिवाय बसेल का, याचं उत्तर "सरळ उभ्या गाडीत बसेल" असं असतं आणि तिथेच लोक फसतात. तपासायचं तर पुढचं एक चाक आणि त्याच्या तिरकस समोरचं मागचं चाक फळ्यांवर चढवा, म्हणजे सस्पेन्शन दबेल. मग स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवा, पुढे आणि रिव्हर्स दोन्ही जाऊन बघा. घासण्याच्या जागा ठरलेल्या: पुढच्या चाकामागे दरवाज्याखालची बॉडीची शिवण, प्लास्टिक लायनरची मागची बाजू, बंपरची खालची कड, आणि आतून अप्पर आर्म किंवा अँटी-रोल बार. मड-टेरेनचे खांद्यावरचे ठोकळे साइडवॉलवर उतरलेले असतात. त्यामुळे त्याच आकाराचा हायवे टायर सुटतो तिथे मड-टेरेन घासतो.

ऑफसेट शून्याचा रिम टाकून सोडवतात काही जण. आतलं घासणं थांबतं, पण चाक ३० मिमी बाहेर गेलं की वळताना मोठा वर्तुळखंड घेतं आणि बाहेरच्या बाजूला घासतं. शिवाय व्हील बेअरिंग आणि बॉल जॉइंटवर लिव्हर वाढतो, खड्ड्यात स्टिअरिंग हातातून ओढलं जातं. आणि चिखल थेट दरवाज्यांवर.

मोठा आकार टाकण्याआधी तुमच्याकडचे वाहननोंदणीचे आणि विम्याचे नियमही बघून घ्या, ठिकाणानुसार ते वेगळे असतात.

पंक्चरपाना

प्लायबद्दल. १० प्लाय म्हणजे आत दहा थर नसतात. ते जुन्या सुती दोऱ्यांच्या काळातलं मोजमाप नावापुरतं उरलंय. आजच्या टायरच्या साइडवॉलवर लिहिलेलं वाचा: दोन किंवा तीन पॉलिएस्टर थर असतात, नक्षीखाली त्याशिवाय स्टील बेल्ट आणि बहुतेक वेळा नायलॉन. लोड रेंज सांगते ती हवेची आणि पर्यायाने भाराची मर्यादा. सी (६ प्लाय) म्हणजे ५० पीएसआयपर्यंत, डी ६५, ई ८०.

लोड इंडेक्स असा वाचायचा: १२१/११८ क्यू. पहिला आकडा एका बाजूला एकच चाक असताना, दुसरा जोडचाकासाठी. १२१ म्हणजे १४५० किलो, १११ म्हणजे १०९० किलो. क्यू म्हणजे ताशी १६० किमी.

समजा मागच्या अॅक्सलची मर्यादा १८०० किलो आहे. एका चाकावर ९००. लोड रेंज सी चा २५५/७५ आर १७ बहुधा १११ चा असतो, म्हणजे कागदावर पुरतो. पण १०९० किलो ही क्षमता ५० पीएसआयला आहे. ३५ ला ती साधारण पाऊणपट होते. म्हणजे पूर्ण माल असताना मागे ३५ वर चालवता येणार नाही, उत्पादकाच्या तक्त्यातून आकडा काढावा लागेल. दारावरच्या स्टिकरवरची हवा मूळच्या टायरसाठी असते, एलटी (लाइट ट्रक, म्हणजे मालवाहू गाडीच्या) टायरला तेवढ्याच भारासाठी जास्त हवा लागते. हे पाळलं नाही तर साइडवॉल तापते. उन्हात माल भरून धावताना एलटी टायर फुटतात त्यात कमी हवेचा हात मोठा असतो.

ई चा फायदा टोकदार दगडांत आणि कायम जड मालात. तोटा: साइडवॉल ताठ, रिकामी गाडी मागून उसळते आणि हवा कमी केली तरी टायर पटकन पसरत नाही. चिखलात नेमकं ते पसरणंच हवं असतं. ५०० किलोला सी किंवा डी.

कच्चीवाट

म्हणजे माल असताना एक हवा, रिकामी असताना दुसरी, चिखलात तिसरी?

पंक्चरपाना

हो. आणि आकडे कुणाचे उसने घेऊ नका, तुमच्या गाडीचे काढा. डांबरासाठी सोपी पद्धत: नक्षीवर आडवी जाड खडूची रेघ मारा, सपाट रस्त्यावर सरळ दीड-दोनशे मीटर जा. मधली रेघ पुसली आणि कडेची राहिली तर हवा जास्त. उलट असेल तर कमी. रिकामी आणि भरलेली, दोन्ही वेळा करा, पण तक्त्यात त्या भाराला दिलेल्या आकड्याखाली उतरू नका.

दुसरी पडताळणी: सकाळी थंड टायरची हवा मोजा, तासभर चालवून गरम असताना पुन्हा मोजा. एलटी टायरमध्ये वाढ साधारण ६ पीएसआयच्या आसपास असावी. १० वाढली तर थंड हवा कमी होती, २ च वाढली तर जास्त. गरम टायरमधून हवा कधीही सोडू नका.

नक्षीबहाद्दर

चिखलातली हवा: खाली तळ असेल तर २२-२५ पीएसआय, तळ नसेल तर १८ पर्यंत. माल असेल तर त्यात ३-४ वाढवा. ३५ वरून १८ ला आणलं की टायर रुंदीपेक्षा लांबीने जास्त पसरतो. जमिनीला टेकणारे ठोकळे वाढतात, पकड तिथून येते.

१५ च्या खाली बीडलॉकशिवाय नको (बीड म्हणजे टायरची रिमला घट्ट बसणारी कड, बीडलॉक ती आवळून धरतो). बीड रिमवरून सुटतो तो सरळ जाताना नाही, चाकोरीतून बाहेर निघायला स्टिअरिंग पूर्ण वळवून थ्रॉटल दिल्यावर. कमी हवेवर वेग ताशी ३०-४० च्या आत, आणि डांबर लागलं की आधी हवा भरायची. "पुढच्या पंपावर भरू" म्हणून वीस किलोमीटर गेलं की आतून साइडवॉल भाजते. बाहेरून काही दिसत नाही, काढून आत हात फिरवला तर रबराची भुकटी बोटांना लागते. तो टायर संपला.

पाना१९

कंप्रेसर सिगारेट लायटरच्या सॉकेटवर लावायचा विचार असेल तर सोडा. या आकाराचे टायर भरायला चालणारे १२ व्होल्टचे कंप्रेसर ३० अँपिअरच्या आसपास ओढतात, सॉकेटचा फ्यूज १५-२० चा असतो. थेट बॅटरीला क्लिप, इंजिन चालू.

हिरवाबाण

सगळे चिखलातच अडकलेत. :) ६० टक्के डांबराचं काय?

डिफलॉक

डांबरावर आवाज हा सगळ्यात कमी महत्त्वाचा त्रास. खरा प्रश्न ओल्या डांबरावरच्या ब्रेकचा. ठोकळे मोठे, मध्ये जागा जास्त, म्हणजे रस्त्याला टेकलेलं रबर कमी. वर मिश्रण कठीण, कारण मऊ रबराचे ठोकळे दगडावर तुकडे होऊन उडतात. बारीक चिरा थोड्याच. साचलेल्या पाण्यावर तरंगायचा धोका खाचांमुळे कमी असतो, पण पहिल्या सरीनंतरच्या तेलकट ओल्या रस्त्यावर ब्रेक लावल्यावर गाडी हायवे टायरपेक्षा लांब जाते. अंतर वाढवून चालवायचं, दुसरा इलाज नाही. घेताना ठोकळ्यांवर चिरा असलेली नक्षी निवडा. गुळगुळीत मोठ्या ठोकळ्यांची, ट्रॅक्टरसारखी नक्षी तुमच्या वापराला नको.

दुसरं वजन. त्याच आकाराचा एलटी मड-टेरेन हायवे टायरपेक्षा ५ ते ८ किलोने जड असू शकतो. हे वजन सस्पेन्शनच्या खाली आणि परिघावर असतं, त्यामुळे गाडी वेग हळू पकडते, ब्रेकवर ताण येतो, शॉक लवकर थकतात. दोन मॉडेलमध्ये अडकलात तर उत्पादकाच्या तक्त्यातला वजनाचा रकाना बघा. लोक सगळं बघतात, तेवढंच बघत नाहीत.

बर्फाचा प्रदेश असेल तर टायरवरच्या एम+एस (मड अँड स्नो) अक्षरांवर जाऊ नका. ती उत्पादकाने स्वतः केलेली घोषणा असते. चाचणीतून मिळणारं चिन्ह म्हणजे तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण, आणि बहुतेक मड-टेरेनवर ते नसतं.

नक्षीबहाद्दर

डिफलॉकना +१. नक्षी बघताना दुकानात टायर उभा करून खांद्याकडून बघा, समोरून नाही. खांद्याची खाच आतून बाहेर रुंद होत जायला हवी आणि मध्ये अडणारा पूल नसावा. खाचेच्या तळाशी छोट्या उभ्या पट्ट्या किंवा उंचवटे असतात, ते दगड अडकून खाली बेल्टपर्यंत घुसू नये म्हणून. बीएफगुडरिचच्या केएम३ मध्ये खांद्याच्या खाचांत माती सुटावी म्हणून वेगळे बार दिले आहेत. योकोहामा जिओलँडर, टोयो ओपन कंट्री आणि मॅक्सिस बिगहॉर्न या सगळ्यांच्या मड-टेरेनमध्ये खांद्याची रचना वेगवेगळी आहे. नाव बाजूला ठेवून हेच तपासा.

साइडवॉलवरचे ठोकळेही उपयोगाचे असतात. चाकोरीत अडकल्यावर स्टिअरिंग थोडं डावं-उजवं हलवलं की ते चाकोरीच्या भिंतीला धरतात. हवा कमी असेल तरच.

बाणाची नक्षी टाळा. स्टेपनी एकाच बाजूला चालते आणि बाजू बदलायची तर टायर रिमवरून काढून उलटा बसवावा लागतो.

मालवाहू

खर्च वाचवायला मागे दोनच मड-टेरेन टाकले तर? माल मागेच आहे, ओढ मागूनच येते.

लो_रेंज

नको भाऊ. ओल्या डांबरावर पुढच्या हायवे टायरची पकड जास्त, मागच्याची कमी. वळणावर ब्रेक लागला की मागचा भाग आधी सुटतो, रिकामी पिकअप तर फिरतेच. आणि चिखलात पुढची गुळगुळीत चाकं वळत नाहीत, स्टिअरिंग वळवलेलं आणि गाडी सरळ. पुढे-मागे व्यास वेगळा झाला तर फोर बाय फोर लावल्यावर ट्रान्स्फर केसमध्ये (पुढे-मागे ओढ वाटणाऱ्या गिअरबॉक्समध्ये) पीळ साठतो.

त्याच कारणाने स्टेपनीही त्याच आकाराची हवी. टायर पाच घ्यायचे. वेगळ्या व्यासाची स्टेपनी लावायची वेळ आलीच तर ती पुढे लावा आणि टू-व्हील ड्राइव्हमध्येच चालवा. मागचं पंक्चर झालं असेल तर पुढचं चांगलं चाक मागे न्या, स्टेपनी पुढे. दोनदा जॅक लावायचा कंटाळा येतो, पण मागच्या डिफवर वेगळ्या व्यासाचं चाक घेऊन लांब जाऊ नका, डिफ लॉक तर लावूच नका.

पंक्चरपाना

झिजण्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. मड-टेरेनचा ठोकळा रस्त्यावर टेकताना आणि सुटताना वाकतो. एक कड जास्त झिजते, दुसरी उंच राहते. हात नक्षीवरून एका दिशेने फिरवा, गुळगुळीत लागेल. उलट फिरवा, करवतीसारखं टोचेल. टोचायला लागलं की आवाज दुप्पट होतो आणि मग तो टायर बदलेपर्यंत जात नाही. म्हणून दर ५००० किमीला चाकं फिरवायची, पाचवं धरून. मागची सरळ पुढे, पुढची तिरकस मागे, त्यात स्टेपनी एका कोपऱ्यात घुसवायची आणि तिथलं चाक स्टेपनीत. टायर बसवल्यावर अलाइनमेंट, विशेषतः टो, म्हणजे चाकं आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत ते. टो थोडा जरी बिघडला तरी खांद्याचे ठोकळे आधी खलास होतात.

नवीन मड-टेरेनची खोली साधारण १५ मिमीच्या आसपास असते. कायद्याची १.६ मिमी मर्यादा चिखलाला लागू नाही. ७ मिमीच्या खाली गेला की काळ्या मातीत तो ऑल-टेरेनसारखाच भरतो.

घेताना तारखेचे चार आकडे बघा: २३२४ म्हणजे २०२४ चा २३ वा आठवडा. कमी खपणाऱ्या आकारांत जुना माल निघतो. पाचही टायर एकाच सुमाराचे मागा.

पाना१९

चिखलातून आल्यावर ८० च्या वेगाला स्टिअरिंग थरथरायला लागलं की लोक बॅलन्सिंगला पळतात. आधी रिमची आतली बाजू धुवा. तिथे ब्रेककडच्या कोपऱ्यात पाव किलोचा गोळा वाळून बसलेला असतो. स्क्रू-ड्रायव्हरने खरवडताना चिकटवलेली बॅलन्सिंगची वजनं उडवू नका. :)

कमी हवेवर चालल्यानंतर दोन-तीन दिवसांनी एखादं चाक रोज २-३ पीएसआय उतरत असेल तर पंक्चर शोधण्याआधी बीडवर साबणाचं पाणी ओता. बीड आणि रिमच्या मध्ये माती किंवा गवताची काडी शिरलेली असते. हवा सोडून, बीड आत ढकलून ब्रशने धुतलं की थांबतं.

कच्चीवाट

सगळ्यांचे आभार. २८५ रद्द. २३५/८० मिळाला तर तो, नाहीतर २५५/७५ लोड रेंज सी. पाच टायर. २३५/८० बहुतेक ठिकाणी ई मध्येच दिसतोय, मग?

नक्षीबहाद्दर

मग २५५/७५ सी. २३५ ची अरुंदी चांगली आहे, पण ताठ साइडवॉलने अर्धा फायदा जातो. माल कायम ८००-९०० किलो असता तर २३५ ई म्हटलं असतं. ८१४ चा व्यास तुमच्या गाडीत बहुतेक न घासता बसेल. तरी लो_रेंजची फळ्यांची चाचणी एका टायरवर करा, मग बाकीचे चढवा.

लो_रेंज

आणि स्टेपनीच्या जागेत नवा टायर मावतो का ते बसवायच्या आधी बघा. मालडब्याखाली ११ मिमी जास्त व्यास सहसा मावतो, पण काही गाड्यांत सायलेन्सरचा पाइप जवळ असतो.

बसवल्यावर नट चांदणीच्या क्रमाने, मॅन्युअलमधल्या टॉर्कला. ५० ते १०० किमीनंतर पुन्हा तपासा. पहिले ५०० किमी जरा जपून, साच्यातून टायर सुटावा म्हणून लावलेला थर नक्षीवर असतो, तो उतरेपर्यंत पकड कमीच.

पंक्चरपाना

टायर काढलेच आहेत तर रबरी वॉल्व्हही बदलून घ्या. साधा रबरी वॉल्व्ह ६५ पीएसआयपर्यंतचाच असतो. तुमच्या लोड रेंज सी ला तो पुरतो, ई घेणाऱ्यांना मात्र नटने आवळायचा धातूचाच लागेल. तुम्हालाही आखूड धातूचा घ्या म्हणेन. चाकोरीतल्या फांद्या लांब रबरी वॉल्व्ह मुळापासून उपटतात आणि त्याला पंक्चरच्या दोरीचा उपयोग नसतो. चाकात हवेचा सेन्सर असेल तर वॉल्व्ह त्याच्याशी जुळणारा मागा. स्टेपनी धरून पाच.